मोगलीचं अस्सल सेल हवंय? बोलीआधी हा हिशेब करा

दूरदर्शनवर रविवारी सकाळी पाहिलेला मोगली भिंतीवर लावायचा असेल, तर बोली लावण्याआधी कागद-पेन घ्या. साइटवर दिसणारी किंमत आणि दादर-परळच्या घरात येईपर्यंत पडणारी किंमत यांत फार फरक असतो.

आधी माल ओळखा. ‘प्रॉडक्शन सेल’ म्हणजे कॅमेऱ्याखाली ठेवून प्रत्यक्ष चित्रित केलेली, हातानं रंगवलेली पारदर्शक शीट. कडेला पेगची भोकं असतात, कोपऱ्यात क्रमांक. ट्यूबलाइटखाली तिरकी धरली की पुढून रंग सपाट दिसतात. मागून जाड, थापल्यासारखे, एकमेकांवर चढलेले. मागची बाजूही गुळगुळीत असेल तर ती छपाई समजा. ‘सेरिसेल’ ही विक्रीसाठीच काढलेली स्क्रीनप्रिंट प्रत. घ्यायला हरकत नाही, पण प्रॉडक्शन सेलच्या भावानं नको. मागच्या बाजूचा फोटो मागाच. विक्रेता टाळाटाळ करतोय? सोडून द्या.

सालही तपासा. ‘द लिटल मर्मेड’ (१९८९) नंतर डिस्नेच्या मोठ्या चित्रपटांचं रंगकाम कॉम्प्युटरवर गेलं. म्हणून ‘लायन किंग’चं (१९९४) प्रॉडक्शन सेल कुणी विकायला काढलं, तर ते अस्सल असूच शकत नाही. मोगलीची जपानी मालिका (१९८९) आणि युगो साको-राम मोहन यांचा ‘रामायण : द लिजेंड ऑफ प्रिन्स राम’ (१९९२) मात्र सेलवर रंगवलेले. चेहरा समोरून, डोळे उघडे, आकृती पूर्ण असेल तर भाव चढतो. पाठमोरं किंवा नुसता हात असलेलं सेल स्वस्तात मिळतं. पहिली खरेदी तशीच करा.

कुठे घ्यायचं? मुंबईत मटन स्ट्रीटच्या जुन्या बाजारात सिनेमाची पोस्टरं, लॉबी कार्ड शोधा. सेलसाठी तिथे दिवस घालवू नका. माल मुख्यतः जपान-अमेरिकेतून, ऑनलाइन लिलावातून येतो. जपानी लिलावात बहुधा मध्यस्थामार्फत बोली लावावी लागते. त्याचं कमिशन, तिथलं स्थानिक पोस्टेज आणि पॅकिंगचे पैसे वेगवेगळे लागतात. तिन्ही आकडे आधी लेखी घ्या.

आता कस्टम. ड्युटी नुसत्या चित्रावर लागत नाही, टपालखर्च आणि विमाही धरला जातो. समजा सेल १०,००० रुपयांचं, पाठवणीचे ३,०००. १० टक्के ड्युटी, त्यावर १० टक्के अधिभार आणि १८ टक्के आयजीएसटी धरली, तर १३,०००चे सुमारे १७,००० होतात. कार्डाचा परकीय चलनाचा आकार ३.५ टक्के असेल तर जीएसटीसह आणखी साडेपाचशे जवळपास. कुरिअर कंपनी तुमच्या वतीनं ड्युटी भरते आणि त्याचीही फी लावते. दर बदलतात, वर्गवारीही बदलू शकते. मागवण्याच्या आठवड्यात कस्टम खात्याच्या (सीबीआयसी) साइटवर बघून घ्या. ‘गिफ्ट लिहून पाठवतो’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. भेटवस्तूंची जुनी सवलत डिसेंबर २०१९मध्येच गेली, आणि खोटी किंमत लिहिलेलं पार्सल अडकतं ते तुमच्या नावावर.

कागदपत्रं : आधार किंवा पॅन, विक्रेत्याचं बिल, पैसे भरल्याचा पुरावा, लिलावाच्या पानाची प्रिंट. पोस्टानं आलेल्या पार्सलची ड्युटी साधारणतः पोस्टमन दारात घेतो. नोटीस आली, तर हेच कागद घेऊन बॅलार्ड इस्टेटला विदेश डाक भवनात जा. सीएसएमटीवरून चालत जाता येतं. एजंटाची गरज नाही.

शेवटचा खर्च फ्रेमचा, आणि तिथेच मी चुकलो. गिरगावात एका दुकानात सेल काचेला चिकटवून फ्रेम करून आणलं. ऑगस्टमध्ये उघडलं तर मोगलीच्या खांद्याची रेघ काचेवर राहिली होती. तुम्ही फ्रेमवाल्याला तीन गोष्टी ठासून सांगा : लॅमिनेशन नाही, टेप-गोंद नाही, मध्ये अॅसिड-फ्री माउंट घालून काच आणि सेल यांत अंतर. यूव्ही काचेचे जास्तीचे पैसे द्या. फ्रेम बाहेरच्या भिंतीवर लावू नका. लालबाग-परळच्या जुन्या इमारतींत ही भिंत पावसाळाभर ओल धरते. आंबूस, व्हिनेगरसारखा वास आला तर ते सेल बाकीच्यांपासून लगेच वेगळं ठेवा.

आणि जून ते सप्टेंबर पार्सल मागवूच नका. दिवाळीनंतर बोली लावा.