बर्फातल्या शर्यतीआधी

चि. सायली,


कॅनडातल्या हॅमिल्टनची ‘अराउंड द बे’ शर्यत १८९४ पासूनची, म्हणजे बॉस्टन मॅरेथॉनपेक्षाही तीन वर्षांनी थोरली. मार्चअखेरीस तिचे तीस किलोमीटर धावायचे तर जानेवारी-फेब्रुवारी बर्फातच घालवावे लागणार. तेव्हा सराव म्हणून हिवाळ्यातल्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातलंस हे बरंच केलंस. मात्र मुंबईतल्या तुझ्या सर्वोत्तम वेळेतून आणखी दोन मिनिटं कमी करण्याचा जो बेत कळवलास, तो मला पटत नाही. बर्फ पडलेल्या सकाळी घड्याळावर वेग ठरवू नये. तो ठरवावा श्वासावर, पायाखालच्या रस्त्यावर आणि अंगातले कपडे किती ओले झाले आहेत त्यावर.

तू म्हणशील, थंडी तर धावणाऱ्याला मानवते. खरं आहे. स्नायू खर्च करतात त्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा पुढे जाण्याच्या कामी येतो, बाकीची उष्णता होते. मुंबईच्या दमट हवेत ती बाहेर टाकता टाकताच जीव मेटाकुटीला येतो. म्हणून पाच ते दहा अंशांची कोरडी सकाळ लांब पल्ल्याला उत्तम. पण पारा शून्याखाली गेला आणि रस्ता पांढरा झाला की हिशेब बदलतो. मागे रेटलेलं पाऊल थोडं घसरतं, पावलं आखूड करावी लागतात, आणि तोच वेग जास्त दम खातो. त्यातही शून्याच्या आसपासचं बर्फ उणे पंधराच्या कडक बर्फापेक्षा निसरडं, कारण त्यावर पाण्याचा पापुद्रा असतो. शहरालगतच्या सरोवराकडून येणारा वारा हे आणखी वेगळंच प्रकरण. उणे दहा अंशांत ताशी तीस किलोमीटरचा वारा असला, तर उघड्या कातडीला उणे वीसचा कडाका जाणवतो. वारा पाठीशी असताना घाम येतो, आणि वळण घेऊन तोच वारा तोंडावर आला की भिजलेला सदरा अंगातली ऊब ओढून घेतो. खरी मेख इथेच आहे. अंगातली ऊब वेगातून येते. सुरुवातीला घड्याळामागे धावून सातव्या किलोमीटरला चालायची वेळ आली, तर उष्णता तयार होणं एकदम घटतं आणि कपडे मात्र ओलेच राहतात. २२ मे २०२१ ला चीनच्या गान्सू प्रांतातल्या शंभर किलोमीटरच्या शर्यतीत गारा, पाऊस आणि वाऱ्याने एकवीस धावपटू दगावले. तो डोंगर होता, तुझा शहरातला रस्ता आहे, हे मला ठाऊक आहे. पण दगावलेल्यांत लिआंग जिंगसारखा देशातला नावाजलेला धावपटू होता, म्हणजे तयारी कमी पडली असं म्हणून हात झटकता येत नाहीत. सुरुवात हळू करायची ती भित्रेपणाने नव्हे, शेवटपर्यंत धावत राहता यावं म्हणून.

यावर तू जपानी मॅरेथॉनपटू युकी कावाउचीचं नाव पुढे करशील. १ जानेवारी २०१८ ला मॅसॅच्युसेट्समधल्या मार्शफील्डला, उणे सतरा अंशांच्या आसपास, त्याने मॅरेथॉन २ तास १८ मिनिटं ५९ सेकंदांत पुरी केली होती. पण त्याची तोवरची सर्वोत्तम वेळ होती २:०८:१४. बरोबरीचा प्रतिस्पर्धी नव्हता, त्यामुळे दहा मिनिटांचा सगळा फरक थंडीच्या माथी मारता येत नाही, तरी तिने आपला वाटा घेतलाच असणार. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बॉस्टनला गार पाऊस आणि समोरचा वारा होता. तिथे महिलांत जिंकलेल्या डेझ लिंडनला लागले २:३९:५४, म्हणजे तिच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा सतरा मिनिटं जास्त. सुरुवातीला तर तिच्या मनात शर्यत सोडायचं होतं. कितीतरी नामवंत त्या दिवशी मध्येच थांबले, ती जिंकली. अशा दिवशी सगळेच मंदावतात, म्हणून वेळेला अर्थ उरत नाही, क्रमांकाला उरतो. ईर्षा हवीच असेल तर शेवटच्या तीन किलोमीटरांत किती जणांना मागे टाकतेस ते मोज.

तुझ्या आईला फुप्फुसं गोठतील अशी धास्ती आहे. तसं होत नाही. नाकाघशातून आत जाईपर्यंत हवा गरम होते. दमा असणाऱ्याला मात्र कोरडी गार हवा बाधते, तो तुला नाही. सुती कपडा आतून घालू नकोस, तो घाम धरून ठेवतो. सुरुवातीच्या रेषेवर थोडं कुडकुडायला झालं तरच कपडे बेताचे आहेत असं समज. टोपी आणि हातमोजे हवेतच. शर्यत संपल्यावर फोटो नंतर काढ, आधी कोरडे कपडे घाल. आणि हवामानखात्याने पडताक्षणी गोठणारा पाऊस सांगितला असेल, तर घरीच राहा. बुडालेले प्रवेशशुल्काचे पैसे मी पाठवीन.

तुझा,
नानाकाका