मुरूम की दाढीच्या पुळ्या? आधी पातं थांबवून बघा

श्रावण पाळणाऱ्या पुरुषांच्या चेहऱ्याची दरवर्षी एक तपासणी आपोआप होते. महिनाभर दाढीला पातं लागत नाही. पहिले आठ-दहा दिवस गळ्याला खाज सुटते, पुळ्या थोड्या वाढल्यासारख्याही वाटतात. मग हळूहळू सगळं शमतं आणि गणपती येईपर्यंत जबड्याखालचा भाग बराच साफ झालेला असतो. घरात श्रेय दिलं जातं मासळी-मटण सोडल्याला. पण अशा बऱ्याच जणांच्या बाबतीत मासळीचा काही संबंध नसतो. बंद झालेलं असतं ते पातं. म्हणून रत्नागिरीजवळच्या पूर्णगड, गावखडी, पावस या बाजूचा पस्तिशी-चाळिशीचा माणूस ‘डॉक्टर, या वयात मुरूम कसे?’ असं विचारतो तेव्हा मी आधी विचारतो, श्रावणात काय होतं?

या एका उत्तरावर उपचारांची दिशा ठरते. मुरमांना औषध लागतं आणि ते चिकाटीने लावावं लागतं. दाढीच्या पुळ्यांचं मूळ कारण मात्र दाढी करण्याच्या पद्धतीत असतं, तिथे नुसतं मलम कितीही चोपडलं तरी उपयोग होत नाही. मुरूम समजून वर्षानुवर्षं ट्यूबा बदलत राहिलेले आणि शेवटी मानेवर काळे डाग घेऊन आलेले लोक पाहिले की मन खरंच खंतावतं.

मुरूम येतो तो तेलामुळे. त्वचेखालच्या तैलग्रंथी तेल जास्त सोडतात, मृत पेशींनी रंध्राचं तोंड बंद होतं, आत जंतू वाढतात आणि सूज येते. त्याची खूण म्हणजे तुंबलेली रंध्रं: नाकावर, कपाळावर, हनुवटीवर बारीक काळे ठिपके किंवा पांढरे दाणे. मोठ्या वयात मुरूम हनुवटीकडे, जबड्याकडे जास्त सरकतात, म्हणूनच घोटाळा होतो. पण मुरूम असणाऱ्याच्या पाठीवर, छातीवर, खांद्यावरही बऱ्याचदा काहीतरी सापडतं. तिथे दाढी नसते!

दाढीच्या पुळीत तेलाचा फारसा संबंध नाही. गुळगुळीत दाढीच्या हौसेपोटी कातडी ताणून उलटं पातं फिरवलं की केस त्वचेच्या पातळीखाली कापला जातो आणि त्याला तिरकं, अणकुचीदार टोक येतं. केस सरळ असेल तर तो मुकाट्याने वर येतो. कुरळा असेल, किंवा मानेवरच्या केसांसारखा वाकडा उगवणारा असेल, तर तो बाहेर यायच्या आधीच आतल्या आत कातडीत शिरतो, किंवा बाहेर येऊन, वळसा घेऊन पुन्हा आत घुसतो. शरीर त्याला परक्या काट्यासारखं वागवतं. दाढी केल्यावर एक-दोन दिवसांत लाल, खाजरी गाठ उठते ती यामुळे.

चांगल्या उजेडात, भिंग घेऊन, जबडा जरा वर करून आरशात बघा. गाठीच्या मध्यावर किंवा कडेला पातळ कातडीखालून एक काळी रेघ वाकून गेलेली दिसेल, कधी दोन्ही टोकं आत रुतलेली केसाची कमान दिसेल. ती दिसली की निदान जवळजवळ झालंच. सुईने उकरू नका. कमान बाहेर असेल तर केस फक्त मोकळा करावा, मुळापासून उपटू नये. उपटलेला केस परत येताना तोच खेळ करतो.

दाढी राखणाऱ्यांनीही स्वतःला यातून वगळू नये. मान आणि गाल कोरून घेतले जातात, त्या कोरलेल्या कडेलाच पुळ्यांची रांग उठते. आणि आपल्याकडची अनेक मुलं जहाजावर, आखातात किंवा सिक्युरिटीच्या नोकरीत आहेत, तिथे रोज सफाचट दाढी लागते. अमेरिकी सैन्यात हा प्रश्न फार जुना आहे. आफ्रिकी वंशाच्या सैनिकांचे केस दाट कुरळे असल्यामुळे त्यांना त्रास जास्त, आणि वैद्यकीय कारणावरून दाढीची सूट देण्यावर तिथे बरीच वादावादी झालेली आहे. आपल्या मुलांनी कंपनीच्या डॉक्टरकडे ही अडचण मांडायला संकोच करू नये.

बायकांचं काय? त्यांच्यात हे निदान बऱ्याचदा चुकतं. हनुवटीवर राठ केस येतात, ते लपूनछपून उपटले जातात किंवा पार्लरमध्ये दोऱ्याने काढले जातात, आणि मग तिथेच गाठी उठतात. काही जणींना मुरूम आणि आत वळलेले केस दोन्ही एकदम असतात. पाळीच्या आधीच्या आठवड्यात गाठी वाढत असतील, पाळी दोन-दोन महिने लांबत असेल, वजन वाढत असेल, तर नुसती त्वचा बघून भागणार नाही; पीसीओएस या संप्रेरकांच्या विकारासाठी तपासणी करून घ्यायला हवी. हनुवटीचे केस ही लाजेची बाब नाही, डॉक्टरांना ते मोकळेपणाने सांगा.

आणखी काही तोतये आहेत. केसाच्या मुळाशी पू धरलेली, ठणकणारी पुळी म्हणजे आपलं केसतूड, हा जंतुसंसर्ग. वारंवार केसतूड होत असेल तर रक्तातली साखर तपासा. आपल्या दमट हवेत कपाळावर, छातीवर एकसारख्या बारीक, खाजणाऱ्या पुळ्या येतात, त्या बुरशीच्या असू शकतात. दाढीत गजकर्णही होतो, त्यात केस ढिले होऊन सहज निघतात. आणि हंगामात आंबा उतरवणाऱ्यांच्या तोंडावर चीक उडाला की तिथे फोड येतात, कातडी काळी पडते. तो मुरूम नव्हे, भाजल्यासारखी जखम आहे. आंबा खाल्ल्याने उष्णता होऊन मुरूम येतात असं दर मे महिन्यात कानावर पडतं. पण ओठांभोवती उठणारा पुरळ बरेचदा सालीला लागलेल्या चिकाचा असतो. देठाकडचा चीक काढून, आंबा नीट धुऊन खा.

आता उपाय. दाढीच्या पुळ्या असतील तर चार ते सहा आठवडे पातं पूर्ण बंद. पहिल्या आठवड्यात त्रास वाढल्यासारखा वाटला तरी दम धरा. नोकरीमुळे ते जमत नसेल तर ट्रिमरने एक मिलिमीटर खुंट राखा. पातं वापरायचंच असेल तर आंघोळीनंतर, केस मऊ झालेले असताना, भरपूर फेस लावून, केस ज्या दिशेला वाढतात त्याच दिशेने, कातडी न ताणता, एकाच जागी पुन्हा पुन्हा न फिरवता. तीन-चार पात्यांचे महागडे रेझर केस जास्त खालून कापतात, या त्रासात एका पात्याचा साधा रेझर बरा. सलूनमध्ये नवं पातं डोळ्यांदेखत लावून घ्या आणि सगळ्यांच्या गालांवरून फिरलेला तुरटीचा खडा नाकारा. कावीळ ब, कावीळ क यांसारखे रोग रक्तातून पसरतात, यात भीड नको.

मुरूम असतील तर 2.5 टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइडचं जेल हे चांगलं पहिलं पाऊल. टॉवेल-उशीचे रंग ते उडवतं, एवढं लक्षात ठेवा. रात्री लावायचं अडापालिन डॉक्टरांना विचारून, वाटाण्याएवढंच, पूर्ण चेहऱ्याला. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात आणि बहुतेक लोक तिसऱ्या आठवड्यातच सोडून देतात. गरोदर असाल किंवा दिवस जाण्याची शक्यता असेल तर अडापालिन नको, आणि आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या तर कदापि नकोत. त्यांनी बाळात गंभीर व्यंग होऊ शकतं. चेहऱ्याला खोबरेल, लिंबू, टूथपेस्ट लावणं बंद करा.

सगळ्यात कळकळीने सांगायचं ते मेडिकलमधून मागून आणलेल्या ‘लाल पुळीवरच्या’ ट्यूबबद्दल. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव तिच्यावर असेल तर ते स्टिरॉइड आहे. दोन दिवसांत लाली जाते, म्हणून माणूस खूश होतो. मग कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, बुरशी फोफावते आणि ट्यूब थांबवली की चेहरा पेटल्यासारखा होतो. गोरेपणासाठी विकल्या जाणाऱ्या काही क्रीममध्येही हेच असतं. 2018 पासून अशी अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे, तरी ती सहज मिळतात. महिनोन्महिने लावत असाल तर एकदम सोडू नका, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा.

ताप येत असेल, नाकाजवळची किंवा वरच्या ओठावरची गाठ सुजून डोळ्यापर्यंत सूज चढली असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गाठी बऱ्या होताना खड्डे किंवा जाड वण पडत असतील तर रत्नागिरीत त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्या, अगदी रिकाम्या झालेल्यासुद्धा, आणि दोन-चार दिवस दाढी न करता जा. गुळगुळीत केलेल्या गालावर केस कुठे वळतोय ते आम्हाला दिसत नाही.