लाल शैवालाची शेती : खाद्य किती आणि केव्हा?

मुळा-मुठेच्या पात्रात पसरणारी जलपर्णी आपण पुणेकर वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. सांडपाण्यातील नत्र व स्फुरद हे तिचे खाद्य. त्यावरून ‘खाद्य जास्त, तर पीक जास्त’ असा समज होतो. समुद्रातील लाल शैवालाच्या बाबतीत तो अर्धाच खरा आहे. आपल्यातील कित्येकांची मूळ गावे कोकणात आहेत. तेथील तरुण या शेतीची चौकशी करतात, म्हणून उरलेला अर्धा भाग येथे मांडतो.

पुडिंगमधला चायना ग्रास म्हणजे लाल शैवालातून काढलेले अगर. टूथपेस्ट, आईस्क्रीममध्ये लागणारे कॅराजीनन कॅपाफायकस या लाल शैवालातून मिळते. भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायने संशोधन संस्थेने ते १९८४ मध्ये भारतात आणले. पुढे तामिळनाडूत मंडपमच्या किनाऱ्यावर बांबूच्या तराफ्यांवर त्याची शेती सुरू झाली. साधारण ४५ दिवसांत पीक निघते.

शैवाल मुळांनी नव्हे, सर्वांगाने खाद्य शोषते. नत्र मुबलक असले की ते सगळे लगेच खर्च न करता काही भाग लाल रंगद्रव्यात साठवते. आम्हां बँकेतल्या माणसांना हे बचत खाते चटकन उमगते! पाण्यातले नत्र घटले की ही शिल्लक मोडली जाते, शैवाल फिके पडते आणि वाढ मंदावते. पण तेव्हाच सूर्यप्रकाशात तयार झालेली साखर प्रथिनांकडे न जाता पेशींच्या भिंतीत जमते, आणि अगर किंवा कॅराजीननचे प्रमाण वाढते. म्हणजे भराभर वाढलेले, वजनदार पीक कारखान्याला कसदार वाटेलच असे नाही. शिवाय खाद्य सतत जास्त राहिले तर बारीक हिरवी शेवाळे वर चढून ऊन अडवतात. म्हणून ग्रॅसिलारियाच्या प्रयोगांत शैवाल काही तास खताच्या पाण्यात ठेवून पुन्हा साध्या समुद्रपाण्यात सोडतात. साठ्यावर ते कित्येक दिवस वाढते. चढणाऱ्या शेवाळांना मात्र खाद्य मिळत नाही.

उलट टोक जपानचे. २०००-०१ च्या हिवाळ्यात आरिआके उपसागरात सूक्ष्म वनस्पतींनी पाण्यातले खाद्य फस्त केले आणि नोरी या खाद्य लाल शैवालाचे पीक फिके पडले. सेतो समुद्राकाठी तर सांडपाणी इतके स्वच्छ झाले, की शुद्धीकरण केंद्रांतून हिवाळ्यात थोडे जास्त नत्र सोडावे लागले.

कोकणच्या खाड्यांत पावसाळी पाणी खाद्य आणते, पण खारेपणा घटवते आणि गढूळपणा वाढवते. कॅपाफायकसला ते सोसत नाही. तराफ्यावर पैसे घालण्यापूर्वी पाण्याचे नत्र व खारेपणा तपासून घ्यावा. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. विचारपूस तेथूनच सुरू करावी.