फोटो आमचा, माणूस कोण?



उत्पत्तीच्या २७ व्या अध्यायात याकोब हातांना करडांची कातडी लावून एसाव बनतो. दृष्टी गेलेल्या इसहाकाला आवाजाची शंका येते, तरी तो स्पर्शावर विसंबतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो ही तशीच कातडी. आमचा फोटो लावून कुणी तातडीने पैसे मागितले, तर आमच्या जुन्या नंबरवर तुम्हीच फोन लावा. (हल्ली आवाजाचीही नक्कल होते, म्हणून आलेल्या फोनवर भिस्त नको.) ओटीपी आम्हालाही सांगू नका. पैसे गेलेच, तर लाजेने लपवू नका. तसे लपवण्यातच वेळ जातो आणि रक्कम पुढच्या खात्यात सरकते. ताबडतोब १९३० वर आणि बँकेला कळवा. घरातल्या आजी-आजोबांना हे आजच वाचून दाखवा.