योगगुरू आणि जगाचं राजकारण

प्रश्न : आम्ही नोकरीनिमित्त म्हैसुरात जयलक्ष्मीपुरमला स्थायिक झालो. शेजारच्या गोकुलममध्ये सकाळी सकाळी खांद्याला योगाची मॅट अडकवलेले परदेशी लोक नेहमी दिसतात. ‘नॉन-स्टेट अ‍ॅक्टर्स’ हा शब्द मी पहिल्यांदा २६/११ नंतर ऐकला, तोही दहशतवाद्यांबद्दल. मुलीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात मात्र स्वयंसेवी संस्था, कंपन्या सगळेच त्यात घातलेत. मग आमचे इथले योगगुरूही त्यात बसतात का? आणि त्यांचा खरंच काही प्रभाव पडतो का?
– एक वाचक, जयलक्ष्मीपुरम, म्हैसूर

उत्तर : बसतात, आणि चांगले ऐसपैस बसतात. २६/११ नंतर पाकिस्तानच्या राज्यकर्त्यांनी हात झटकायला हा शब्द वापरला, म्हणून आपल्याकडे तो बदनाम झाला. एरवी सरकार नसूनही सीमेपलीकडे ज्याचं वजन पडतं तो कुणीही यात मोडतो. रेड क्रॉस मोडते, तेलकंपन्या मोडतात, अल कायदाही मोडते.

योगाची गोष्ट तर तुमच्याच गावातली. १९३०च्या दशकात जगन्मोहन राजवाड्यात टी. कृष्णम्माचार्य योगशाळा चालवत. आश्रय महाराजांचा, कृष्णराज वडियार चौथे यांचा. म्हणजे सुरुवात राजाच्या पैशावरच झाली, हे विसरायला नको. तिथल्या शिष्यांपैकी के. पट्टाभि जोइस म्हैसुरातच राहिले. दुसरे बी. के. एस. अय्यंगार, कृष्णम्माचार्यांचे मेहुणे. ते १९३७ साली पुण्यात डेक्कन जिमखान्यावर योग शिकवायला आले. वय अठरा, मराठीचा गंध नाही, शिष्यांत बरेचसे आपल्याहून थोराड आणि शिकलेले. तरी ते पुण्याचेच झाले.

पुढचा भाग मला फार आवडतो. १९५२ साली जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक यहुदी मेनुहिन नेहरूंच्या निमंत्रणावरून भारतात आले होते. नेहरू स्वतः शीर्षासन करणारे. त्यांच्यासमोर मेनुहिननीही शीर्षासन करून दाखवलं आणि त्याची बातमी झाली. मुंबईत अय्यंगारांना त्यांच्या भेटीसाठी मिळाली होती जेमतेम पाच मिनिटं. अय्यंगारांनी दमलेल्या पाहुण्याला आडवं केलं, तर तो तासभर गाढ झोपला! १९५४ साली त्याच मेनुहिननी त्यांना स्वित्झर्लंडला नेलं. १९५८ मध्ये बेल्जियमची राजमाता एलिझाबेथ ऐंशी ओलांडल्यावर अय्यंगारांकडून शीर्षासन शिकली. १९६६ साली त्यांचं ‘लाइट ऑन योगा’ हे पुस्तक आलं, १९७५ साली त्यांची पुण्यातली संस्था उभी राहिली. जोइसांकडे १९६४ मध्ये आंद्रे व्हान लिझबेट हे बेल्जियन गृहस्थ येऊन गेले. मागोमाग युरोपीय आले, सत्तरच्या दशकात अमेरिकन तरुण. तेव्हा जोइसांची योगशाळा लक्ष्मीपुरमला होती, गोकुलमला ती बरीच नंतर आली.

ही सगळी ये-जा निमंत्रणांवर, पुस्तकांवर आणि तोंडी शिफारशींवर चालली. दोन सरकारांमध्ये त्यासाठी कुठला करार झाला नव्हता. सरकार आलं ते पीक तयार झाल्यावर. २७ सप्टेंबर २०१४ रोजी पंतप्रधान मोदींनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत योगदिनाची कल्पना मांडली आणि ११ डिसेंबरला ठराव मंजूरही झाला. सहप्रस्तावक देशांची संख्या पावणेदोनशेच्या घरात होती. इतके देश एरवी कशावर एकत्र येतात? पण त्यांतल्या कितीतरी देशांत योगाचे वर्ग आधीपासून भरत होते, म्हणून प्रतिनिधींना ‘हे काय असतं’ हे समजावून सांगावं लागलं नाही. ती मशागत या मास्तरमंडळींची. अय्यंगार २० ऑगस्ट २०१४ रोजी पुण्यात गेले, त्या भाषणाच्या पाचच आठवडे आधी. २०२२चा योगदिन पंतप्रधानांनी म्हैसूरच्या राजवाड्यासमोर साजरा केला, तो तुम्ही पाहिलाही असेल.

आता प्रभावाचं. गुरूंनी संयुक्त राष्ट्रं हलवली वगैरे म्हणण्यात अर्थ नाही. आमसभेत हात वर करतं ते सरकारच. व्हिसाही सरकारच देतं. मार्च २०२० मध्ये भारताने व्हिसे स्थगित केले आणि परदेशी शिष्यांची वाट तिथल्या तिथे बंद झाली. गुरू कितीही मोठा असो, त्याला काही करता आलं नाही. शिवाय सरकारला निवडणुकीत जाब विचारता येतो, गुरूला कुठे विचारणार? जोइस २००९ मध्ये वारले. त्यांच्यावर माजी शिष्यांनी लैंगिक गैरवर्तनाचे गंभीर आरोप केले, त्यांची जाहीर चर्चा खऱ्या अर्थाने सुरू झाली ती त्यानंतर कित्येक वर्षांनी. बिगरसरकारी मंडळींचं कौतुक करताना ही बाजू सहसा कुणी काढत नाही.

माझं मत विचाराल तर योगाचा विजय तुलनेने सोपा होता, कारण त्यात कुठल्याही देशाचं काही जात नव्हतं. खरी कसोटी लागते ती सरकारला काहीतरी सोडून द्यावं लागतं तेव्हा. १९९२ साली सहा संस्थांनी भूसुरुंगांविरुद्ध मोहीम उघडली. पाच वर्षांत ओटावा करार झाला, मोहिमेला आणि तिच्या समन्वयक जोडी विल्यम्स यांना १९९७चं शांततेचं नोबेलही मिळालं. कुठल्याही बिगरसरकारी गटाला हेवा वाटावा असं हे यश. पण ज्या देशांना सीमेवर सुरुंग हवे होते, ते बाहेरच राहिले : अमेरिका, रशिया, चीन, पाकिस्तान. आणि भारतही.