बालकांतील एचआयव्ही : उपचारांचे अपयश कसे ओळखावे?

एचआयव्हीबाधित बालकाचे उपचार निष्फळ ठरत आहेत, हे ओळखण्यासाठी पूर्वी सीडी-४ या संरक्षक पेशींच्या गणनेवर भिस्त असे. परंतु लहान बालकांत या पेशी निसर्गतःच प्रौढांहून अधिक असतात. म्हणून पाच वर्षांखालील बालकांत त्यांची टक्केवारी पाहतात. तीही उशिराच घसरते. तोवर मूल निरुपयोगी ठरलेले औषध घेत राहते. यास्तव २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रक्तातील विषाणूंच्या मोजणीस प्राधान्य दिले. एका मिलिलिटर रक्तात विषाणूंची संख्या १,००० हून अधिक आढळल्यास औषधाच्या नियमिततेची चौकशी होते. अनेकदा दोष औषधाचा नसतोच. आजाराची वाच्यता नको म्हणून, किंवा सांभाळणाऱ्या वृद्ध आजीच्या हातून, मात्रा चुकलेली असते. फेरमोजणीतही संख्या न उतरल्यास सामान्यतः औषधे बदलली जातात.