दुपट्यावर बाळाचे नाव

नातीच्या सुती दुपट्यावर ‘मिरियाम’ हे नाव हिब्रू व मराठी अशा दोन्ही लिपींत छापू या.

साहित्य: पारदर्शक फाइलचे जाड कव्हर, धारदार कटर, स्पंज, पुठ्ठा आणि कापडाचा बिनविषारी पक्का रंग.

नवे दुपटे धुऊन खळ काढा. कव्हरवर अक्षरे काढून कापा. खरी खुबी येथेच आहे. हिब्रूत आरंभीचा मेम खाली उघडा असतो, पण शेवटचा मेम चारी बाजूंनी बंद. तो सरळ कापल्यास मधला तुकडा गळून पडेल. म्हणून दोन बाजूंना ३ मिलिमीटरची पट्टी न कापता ठेवा. मराठीत ‘म’ व ‘य’ यांची पोटे आणि वेलांटीची कमान शिरोरेषेने बंद होतात. तेथे शिरोरेषा किंचित तोडा.

कापडाखाली पुठ्ठा ठेवा. स्पंज जवळजवळ कोरडा ठेवून रंग टिपत लावा. ओढल्यास तो कडेखाली झिरपतो. नाव पायाकडच्या कोपऱ्यात असावे, बाळाच्या तोंडाशी नको. एक दिवस वाळवा, उलट बाजूने इस्त्री करा आणि धुऊनच वापरा.

नात मोठी होऊन हिब्रू नाव आधी वाचील. मग खालची अक्षरे कोणती, असे विचारील. तिचा पहिला मराठी धडा तेथेच सुरू होईल.